मेडिकल-नर्सिंगच्या मुलांसाठी कलेचं वर्कशॉप घ्यायचंय, नक्की काय घेऊ?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना कळेल कशाबद्दल चाललंय. विचारणारे सोलापूरजवळच्या एका कॉलेजात नवीन असिस्टंट प्रोफेसर आहेत. वरून पत्र आलंय की फर्स्ट इयर एमबीबीएस, इंटर्न आणि बीएस्सी नर्सिंग मिळून १२० जणांसाठी 'कला आणि मानव्यविद्या' या विषयावर तीन तासांचं वर्कशॉप घ्या. बजेट नाही. डिपार्टमेंटमधले सीनियर म्हणतात टाइमपास आहे, उरकून टाका. आणि यांना विचारायचंय की एखादा वक्ता बोलवू, पिक्चर दाखवू, की कवितेची नाहीतर रांगोळीची स्पर्धा ठेवू, आणि सर्टिफिकेट द्यायचं का.

मी पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषय, शिकवते, सोलापुरातच, आणि लग्नाआधीपासून हौशी नाटकात आहे, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी ड्युटी संपवून केलेल्या आहेत. ही दोन कामं एकमेकांत मिसळायला लागून आता चौदा वर्षं झाली. एमबीबीएसची मुलं, नर्सिंगच्या मुली, रेसिडेंट, वॉर्डातल्या सिस्टर, एकदा तर नुसते एक्स-रे आणि लॅबचे टेक्निशियन, अशा सगळ्यांसोबत हे घेऊन झालंय. त्यामुळे लांबडं लिहिणार आहे, वेळ काढून वाचा.

तुम्ही वक्ता, पिक्चर की स्पर्धा असं विचारलंय, पण मला वाटतं अडचण त्याच्या अलीकडेच आहे. तीन तास संपल्यावर सोमवारी सकाळी ही मुलं ओपीडीत उभी राहतील तेव्हा त्यांनी काय वेगळं करावं हे अजून कुणी ठरवलेलंच नाहीये, पत्र काढणाऱ्यांनी पण नाही आणि तुम्ही पण नाही. ते ठरलं की काय घ्यायचं हे सुचत जातं. माझं ठरलेलं आहे: निदानावर उडी मारायच्या आधी समोरच्या माणसाकडे नीट बघता येणं आणि त्याचं ऐकता येणं. एवढंच. संवेदनशील व्हा, माणुसकी जपा असं मी कधीच सांगत नाही, कारण सांगून ते येत नाही आणि मुलांनी ते शाळेपासून इतकं ऐकलेलं असतं की कान बंद होतात. थांबून बघणं मात्र सरावाने येतं, हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, मर्मर, ऐकायला जसा कान तयार होतो तसंच, आणि चित्र, गोष्ट, नाटक ही त्या सरावाची साधनं आहेत, पेशंटला अजिबात त्रास न देता वापरता येतात.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. फर्स्ट इयरच्या मुलांकडे पेशंट नसतो, डिसेक्शन हॉल असतो. २०१९ पासून जो नवीन अभ्यासक्रम आला त्यातल्या ॲटकॉममध्ये, म्हणजे वागणूक, नीती आणि संवाद शिकवायच्या भागात, मृतदेह हा आपला पहिला शिक्षक असा एक भागच आहे, तर त्यांना देहदान केलेल्या माणसाला पत्र लिहायला सांगितलं की ती मनापासून लिहितात. इंटर्नकडे पेशंट भरपूर आणि झोप कमी. सिस्टरांकडे या सगळ्यांपेक्षा जास्त बघितलेलं असतं, पण खोलीत डॉक्टर असले की त्या बोलत नाहीत, आणि एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, येऊन बसले की इंटर्न पण बोलत नाहीत. हा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग म्हणतात मुलं खुलतच नाहीत. सीनियरांना उद्घाटनाला बोलवा, चहा द्या, आणि हात जोडून सांगा की आता आम्हाला एकटं सोडा. नाइट करून आलेल्या कुणालाही बसवू नका. एकदा एक रेसिडेंट मुलगी कागद-खडू समोर ठेवून बसल्या बसल्या झोपली, मी तिला उठवलं नाही, त्या दिवशी तिला झोपच हवी होती आणि तिला तिथे बोलावणं ही माझी चूक होती.

मोठ्या हॉलचं पण सांगते. माझं पहिलं वर्कशॉप दीडशे मुलांचं होतं, ऑडिटोरियममध्ये, चाळीस स्लाइड्स, एम्पथी म्हणजे काय, सिम्पथी म्हणजे काय. मागच्या चार रांगा पीजीचे एमसीक्यू सोडवत होत्या. शेवटी फीडबॅक फॉर्मवर जवळजवळ सगळ्यांनी एक्सलंट लिहिलं, मी खूश होऊन घरी गेले, आणि त्याच आठवड्यात वॉर्डात त्याच मुलांना 'ए बेड नंबर बारा' अशी हाक मारताना ऐकलं. तेव्हापासून मी वीसच्या वर माणसं एका गोलात बसवत नाही आणि त्या फॉर्मवर विसंबत पण नाही.

बरं, आता प्रत्यक्ष काय घेते ते.

सुरुवात एका चित्राने करते. ल्यूक फाइल्ड्स नावाच्या इंग्रज चित्रकाराचं १८९१ सालचं चित्र आहे, नाव 'द डॉक्टर'. नाव आधी सांगायचं नाही. चित्र मोठं छापून भिंतीला लावायचं, दोन मिनिटं सगळ्यांनी नुसतं बघायचं, कुणी बोलायचं नाही, आणि मग फक्त तीन प्रश्न, ते पण सारखे सारखे तेच: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणता, काय दिसलं तुम्हाला? आणि अजून काय दिसतंय? ही पद्धत अमेरिकेतल्या फिलिप येनावाइन आणि ॲबिगेल हाउसन यांनी म्युझियममध्ये येणाऱ्या लोकांसाठी बसवली, आता मेडिकल कॉलेजांतही वापरतात. आपण उत्तर बरोबर-चूक म्हणायचं नाही, शाबास पण म्हणायचं नाही, फक्त ते जे म्हणाले ते बोट दाखवून परत म्हणायचं. हे शेवटचं आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांना फार जड जातं, जीभ शिवशिवते, पण धरून ठेवा.

पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांना डॉक्टर आणि आजारी मूल दिसतं, कारण उजेड तिथेच पडलाय. डॉक्टर हनुवटीला हात लावून पुढे वाकून बसलाय. मग निदानं सुरू होतात, न्यूमोनिया आहे मॅडम, डिहायड्रेशन आहे, ताप आहे. मी विचारते, कशावरून? आणि मग गडबड होते, कारण ताप चित्रात कुठे दिसत नाही, तो त्यांच्या डोक्यातून आलेला असतो. हळूहळू कुणाला तरी दिसतं की मूल पलंगावर नाहीये, दोन खुर्च्या जोडून त्यावर झोपवलंय, आणि त्या खुर्च्या पण एका जोडीच्या नाहीत. 'आपल्याकडे पण असंच करतात की,' असं कुणीतरी म्हणतंच. एका वेळी दहाएक मिनिटं झाली असतील, मी आता पुढे जायच्या विचारात होते, तेवढ्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, जी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, 'मॅडम, मागे अंधारात एक माणूस उभाय. तो पोराकडे नाही बघत. डॉक्टरच्या तोंडाकडे बघतोय.'

खोली गप्प झाली. त्या अंधारात बाप उभा आहे, एक हात बायकोच्या खांद्यावर, ती टेबलावर डोकं टाकून आहे, आणि त्याची नजर डॉक्टरच्या चेहऱ्यावर. मी काहीच बोलले नाही. मग एक इंटर्न सावकाश म्हणाला की आयसीयूच्या बाहेर आपण दार उघडून येतो ना, तेव्हा सगळे असंच आपल्या तोंडाकडे बघतात, आणि मी मोबाइलमध्ये बघत निघून जातो. हे त्याने आपणहून म्हटलं. मी स्लाइडवर लिहिलं असतं तर त्याने वहीत उतरवून घेतलं असतं आणि विसरला असता.

सगळं बोलून झाल्यावर सांगायचं की चित्रकाराचं स्वतःचं पहिलं मूल १८७७ मध्ये गेलं होतं. आधी सांगितलं तर मुलं चित्र बघायचं सोडतात आणि हळहळायला लागतात.

याला पुरावा काय असं सीनियर विचारतील, विचारलंच पाहिजे. येल विद्यापीठात फर्स्ट इयरच्या विद्यार्थ्यांना म्युझियममध्ये नेऊन चित्रं बघायला शिकवलं, आणि ज्यांना शिकवलं त्यांना नंतर पेशंटच्या फोटोंमधल्या बारीकसारीक गोष्टी इतरांपेक्षा जास्त टिपता आल्या, हे २००१ साली जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय. पण प्रामाणिकपणे सांगा की तो अभ्यास निरीक्षणाचा होता. चित्र बघून माणूस प्रेमळ होतो असं त्यात कुठे सिद्ध केलेलं नाही, आणि आपण तसा दावा केला तर सीनियर आपल्याला पकडतील आणि ते बरोबरच असेल.

दुसरी गोष्ट माझ्या मते सोलापुरात सगळ्यात मोलाची आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. फळ्यावर 'दुखणं' लिहायचं आणि घरात, गल्लीत, गावाकडे ऐकलेले दुखण्याचे शब्द मागायचे. ठणका, कळ, चमक, मुरडा, ठुसठुस, रग, भणभण, आग, मुंग्या, ओढ लागणं, अंग मोडून येणं. पाच मिनिटांत फळा भरतो. मग विचारायचं, मुरडा कुठे येतो? पोटातच. चमक? पाठीत, कमरेत, छातीत पण. ठणका दाताचा, गळवाचा. आणि समोर पुस्तकातले शब्द लिहायचे, कॉलिकी, शूटिंग, थ्रॉबिंग. अर्धे शब्द चटकन जुळतात आणि मुलांना एकदम कळतं की आपली आजी इतकी वर्षं हिस्ट्रीच, म्हणजे डॉक्टर पेशंटला विचारून घेतो ती दुखण्याची माहितीच, सांगत होती.

पण खरी गंमत न जुळणाऱ्या शब्दांत आहे. 'कसंनुसं होतंय.' 'जीव घाबरा होतोय.' याचं काय लिहिणार केस पेपरवर? बहुतेक जण ॲन्झायटी लिहितात. आता विचार करा, साठीची डायबेटिसवाली बाई घाम पुसत पुसत म्हणाली की जीव घाबरा होतोय, तर तो हार्ट ॲटॅक पण असू शकतो आणि शुगर उतरलेली पण असू शकते, डायबेटिसच्या माणसांत आणि बायकांत छातीतलं टिपिकल दुखणं नसतंही, हे सगळ्यांनी मेडिसिनमध्ये वाचलेलं असतं. पण वाचलेलं आणि ऐकलेलं यांची गाठ पडत नाही कारण मधला शब्द हरवतो. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मुलांचं तर आणखी अवघड. राजस्थानच्या एका मुलाने 'दिवस गेलेत' याचा अर्थ बरेच दिवस झाले असा घेतला होता, आणि बाई सांगत होती की ती गरोदर आहे. 'अंगावरून जातंय' हे पण असंच. हसू येतं ऐकायला, पण त्या बाईला पुढे काय गोळ्या लिहून दिल्या जातील हे त्या एका वाक्यावर असतं.

आणि सोलापुरात एवढ्यावर भागत नाही. पूर्व भागातली पद्मशाली आजी तेलुगूत 'कडुपु नोप्पी' म्हणते, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये 'होट्टे नोवु' म्हणते, दोघींचं पोटच दुखतंय. म्हणून फळ्यावर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दूला पण रकाने करायचे. त्या वेळी काय होतं बघा, जी मुलगी एरवी इंग्रजी येत नाही म्हणून मागे बसते, जिची आई विड्या वळते, ती पुढे येऊन अख्ख्या वर्गाला उच्चार शिकवते. एकीने सांगितलं होतं की आई दिवसाला हजार विड्या वळते, मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून, आणि तिच्या घरात मानेच्या दुखण्याला 'दुखणं' म्हणतच नाहीत, ते रोजचंच. म्हणजे डॉक्टरने 'मान दुखते का' विचारलं तर ती नाहीच म्हणणार. हे ऐकल्यावर वर्गातल्या कितीतरी जणांनी वहीत आपला प्रश्न बदलून लिहिला, 'संध्याकाळपर्यंत मान कशी होते?'

इथे मी कोटणीसांचं सांगते. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, जन्म १९१०, १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं त्यातले एक, आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, रस्ता माहीत असतो, स्मारक माहीत असतं. पण तो माणूस तिथे जाऊन चिनी भाषा शिकला, बोलायला शिकला, त्या भाषेत पेशंटशी आणि विद्यार्थ्यांशी बोलायला लागला, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. युद्ध चालू असताना भाषा शिकायला त्यांना वेळ मिळाला, तर आपल्याला पूर्व भागातल्या पेशंटसाठी तेलुगूची वीस वाक्यं शिकायला मिळणार नाही का? हे मी अगदी मनापासून विचारते आणि बहुतेक वेळा दोन-तीन मुलं खरंच शिकतात.

तिसरं, ऐकणं. हे पटकन होतं. जोड्या करायच्या, एकाने स्वतःच्या कुठल्याही छोट्या दुखण्याबद्दल बोलायचं, दुसऱ्याने दोन मिनिटं तोंड उघडायचं नाही, 'हं' चालेल, प्रश्न नको. पहिल्यांदा बहुतेकांना जमत नाही, तिसाव्या सेकंदाला 'किती दिवसांपासून?' येतंच. मग सांगायचं की १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला तोडत होते, १९९९ मध्ये दुसऱ्यांनी मोजलं तर २३ सेकंद. इंटर्न लगेच म्हणतात, मॅडम आमच्या ओपीडीला लाइन बघा, दोन मिनिटं कुठून आणू? बरोबर आहे त्यांचं. पण स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या ओपीडीत २००२ साली हे पण मोजलंय की न तोडता बोलू दिलं तर पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबतो. बासेल म्हणजे सोलापूर नाही, आपल्याकडे सोबत चार नातेवाईक पण बोलतात, तरी एकदा घड्याळ लावून बघा म्हणते, प्रत्येकाला नको, दिवसातून एकाच पेशंटला.

चौथं लिहिणं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रीटा शॅरन या डॉक्टर आहेत, त्यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना एक समांतर नोंद लिहायला सांगायला सुरुवात केली, म्हणजे केस पेपरवर जे लिहिता येत नाही पण कुठेतरी लिहिलं गेलंच पाहिजे ते वेगळ्या कागदावर लिहायचं. मी सात मिनिटं देते, मराठीत, हिंदीत, ज्याला ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेत. पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर काहीही नको, ही अट कडक पाळा. ज्यांना वाचायचंय त्यांनीच वाचायचं, आणि ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त त्यातलं लक्षात राहिलेलं एक वाक्य परत म्हणायचं.

एका इंटर्नचं अजून डोक्यात आहे. तिने पाचच ओळी लिहिल्या होत्या. एक आजी होती, तंबाखूने पिवळी पडलेली बोटं, शीर सापडत नव्हती, तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा आजीने तिचा हात धरला आणि म्हणाली, 'जेवलीस का गं?' शेवटची ओळ होती, 'मी जेवले नव्हते, आणि हो म्हणाले.' कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. त्या मुलीला मी एवढंच विचारलं की हे कुणाला आधी सांगितलं होतंस का, तर नाही. सहा महिने ते तसंच आत होतं. माझ्या अनुभवात मुलं कोरडी नसतात, त्यांना ठेवायला जागा नसते म्हणून ती मिटतात. विद्यार्थ्यांमधली एम्पथी तिसऱ्या वर्षात, म्हणजे पेशंटशी प्रत्यक्ष संबंध येतो तेव्हाच घसरते, असं अमेरिकेत होजात आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं, आणि मी वॉर्डात बघते ते याला धरूनच आहे.

पाचवं नाटक, आणि इथे मी तुम्हाला सावध करणार आहे. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांचं फोरम थिएटर आहे, त्यात एक प्रसंग करून दाखवायचा जो वाईट संपतो, मग तोच परत सुरू करायचा आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही टाळी वाजवून थांबवायचं, त्या अडचणीत सापडलेल्या पात्राच्या जागी जायचं आणि वेगळं काहीतरी करून बघायचं. दिल्लीच्या यूसीएमएस या मेडिकल कॉलेजात मेडिकल ह्युमॅनिटीज ग्रुपने हे मेडिकलच्या मुलांसोबत केलेलं आहे. माझा नेहमीचा प्रसंग असा: रात्री दोन वाजता कॅज्युअल्टी, एकच इंटर्न, एकच सिस्टर, आत सीरियस पेशंट, दारात सहा नातेवाईक आणि त्यातला एक आवाज चढवतोय. मुलं येतात, वेगवेगळं करून बघतात, कुणी ओरडतं, कुणी पळतं. एकदा एक सीनियर सिस्टर उठल्या, इंटर्नच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्या चिडलेल्या माणसाला म्हणाल्या, 'दादा, तुमच्यात सगळ्यात शांत कोण आहे? त्यांना एकट्याला आत घेते, ते बघून येऊन तुम्हाला सांगतील.' तेवढ्या एका वाक्याने प्रसंग फिरला. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पंचवीस वर्षांच्या नाइट ड्युट्यांत होतं.

आता सावध का म्हणाले. एका वर्षी मी 'वाईट बातमी सांगणं' हा प्रसंग घेतला आणि पात्रं चिठ्ठ्या टाकून वाटली. ज्या मुलीला गेलेल्या पेशंटच्या मुलीचं काम आलं तिचे वडील आदल्या वर्षी वारले होते. मला माहीत नव्हतं. तिने करायला सुरुवात केली, दोन वाक्यं बोलली आणि बाहेर निघून गेली, मी मागे गेले तर जिन्यात बसून रडत होती, आणि म्हणाली की मॅडम नाही म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं. ती चूक पूर्ण माझी होती. मी त्यांना नाही म्हणायची सोय दिलीच नव्हती. तेव्हापासून पहिल्या पाच मिनिटांत सांगते की आज काय काय येणार आहे, मृत्यूचा विषय असला तर स्पष्ट सांगते, कारण न देता बाहेर जाता येईल म्हणते, दार उघडं ठेवते, चिठ्ठ्या कधीच टाकत नाही, आणि सायकियाट्रीतलं एक जण त्या दिवशी जवळपास असेल असं बघते. तुम्ही पहिल्यांदाच घेताय, तर नाटक या वेळी घेऊच नका. चित्र, शब्द, ऐकणं आणि लिहिणं पुरेसं आहे.

सीनियर टाइमपास म्हणतात त्याबद्दल. भांडू नका. ॲटकॉमचे तास टाइमटेबलमध्ये असतातच, ते छोट्या गटांत घ्यावेत हे पण त्यातच लिहिलंय, तर हे वेगळं काहीतरी न म्हणता त्याच तासांत बसवा, मग कुणाची हरकत राहत नाही. आणि एका सीनियरला एकदा चित्राच्या गोलात बसवा, एचओडी म्हणून नाही, बाकीच्यांसारखं. माझे एक कडक सर्जन सहकारी असेच बसले होते, वीस मिनिटं गप्प, आणि मग त्यांनी चित्रातल्या औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवून सांगितलं की त्यांचा पहिला पेशंट ऑपरेशन टेबलवर दगावला तेव्हा त्यांनी पण असंच टेबलावरच्या वस्तूंकडे बघत बसून घेतलं होतं. त्यानंतर त्यांनी कधी टाइमपास म्हटलं नाही.

पण एक गोष्ट त्यांची खरी आहे आणि ती तुम्ही पण मान्य करा. एका हॉस्पिटलमध्ये सिस्टरांसाठी घेतलं तेव्हा एक जण उठून म्हणाल्या, 'मॅडम, चित्र चांगलंय, पण आम्हाला रात्रीला एक सिस्टर वाढवून द्या.' माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, अजून नाही. कमी माणसं आणि सलग ड्युट्या यांनी जे होतं ते कवितेने भरून निघत नाही, आणि मॅनेजमेंट तेवढ्यासाठी आपल्याला बोलवत असेल तर ते ओळखा. मी ते वाक्य तसंच्या तसं रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर लिहिलं. तुमच्या वर्कशॉपमध्ये असं काही निघालं तर ते झाकू नका, वर पाठवा, नाव न घालता.

आता तुमच्यासाठी थोडक्यात. पत्रात तीन तास लिहिलंय, एकाच दिवशी १२० जण एकत्र बसवा असं लिहिलेलं नसेल, तर चाळीस-चाळीसचे तीन दिवस करा, प्रत्येक दिवशी वीसचे दोन गोल, म्हणजे तुम्ही आणि अजून एक जण पुरतो, आदल्या दिवशी त्या दुसऱ्या माणसाला तीन प्रश्नांची तालीम द्या. पहिला पाऊण तास चित्र, पाऊण तास दुखण्याचे शब्द, चहा, मग ऐकण्याच्या जोड्या, शेवटी लिहिणं आणि ज्याला हवं त्याचं वाचन. चित्रासाठी आणि शब्दांसाठी डॉक्टर-नर्सिंग मिसळून बसवा, लिहिण्यासाठी वेगळे. वक्ता नको. पिक्चर पण नको, अडीच तास अंधारात गेले की बोलायला वेळ उरत नाही. रांगोळी आणि कवितेची स्पर्धा तर नकोच, नंबर आला की मुलं परीक्षकाला आवडेल ते लिहितात, आणि आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवंय.

खर्चाचं म्हणाल तर चित्र जुनं आहे, चित्रकार १९२७ मध्ये वारले, त्यामुळे छापायला कुणाची परवानगी लागत नाही. फ्लेक्सवाल्याकडे जाल तर चकचकीत नको म्हणा, मॅट फिनिश घ्या, नाहीतर ट्यूबलाइट बरोबर त्या बापाच्या चेहऱ्यावर चमकते आणि तोच दिसत नाही, माझं एकदा असं झालंय. सर्टिफिकेट द्या, इंटर्नना आणि सिस्टरांना फाइलला लागतं, पण ते हजेरीचं द्या, स्पर्धेचं नाही, आणि सुरुवातीलाच सांगून टाका की मिळणारच आहे, म्हणजे तो विषय डोक्यातून जातो. फीडबॅक त्याच दिवशी घेऊ नका. तीन आठवड्यांनी वॉर्डात जा आणि एकच विचारा, 'मधल्या दिवसांत पेशंटचा कुठला शब्द पहिल्यांदा कळला?'

माझ्याकडे दुखण्याच्या शब्दांची एक वही आहे, चौदा वर्षांची, मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी असे रकाने केलेली, मुलांच्याच अक्षरात. तिची पानं फोटो काढून तुम्हाला पाठवते. त्यात मंगळवेढा-सांगोल्याकडचे शब्द फार कमी आहेत, तुमच्या वर्गात तिकडची मुलं असणारच, त्यांच्याकडून मिळाले तर मला नक्की पाठवा.